कोपिंगचे औषधनिर्माते : कार्ल विल्हेल्म शेले

जुलाबांनी गळून गेलेल्या बाळाला आई वाटी-चमच्याने जलसंजीवनी पाजत असते. त्याच वेळी एखाद्या रक्तपेढीत अनोळखी दात्याचे रक्त न गोठता पिशवीत जपून ठेवलेले असते. मूतखड्याने हैराण झालेला रुग्ण डॉक्टरांनी लिहून दिलेले खारट-आंबट औषध पाण्यात मिसळून घेतो, आणि एखादे शाळकरी मूल डब्यातील चीजची मऊ वडी चवीने खाते. या चारही ठिकाणी एकाच कुळातील लवणे मुकाट्याने आपले काम करीत असतात. रसायनशास्त्रात त्यांना सायट्रेट लवणे म्हणतात. ज्या आम्लापासून ही लवणे बनतात, ते लिंबातील सायट्रिक आम्ल शुद्ध स्फटिकांच्या रूपाने माणसाच्या हाती प्रथम आले 1784 साली. ते काम घडले स्वीडनमधील कोपिंग नावाच्या लहानशा गावात, एका औषधविक्रेत्याच्या साध्या प्रयोगशाळेत. त्या औषधविक्रेत्याचे नाव कार्ल विल्हेल्म शेले. विद्यापीठात शिकण्याचा योग त्यांना आला नाही आणि आयुष्यही अवघे त्रेचाळीस वर्षांचे लाभले. तरीही अठराव्या शतकातील रसायनशास्त्राचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

बाल्टिक समुद्राच्या काठावरील श्ट्रालसुंड हे बंदर आज जर्मनीत आहे. 1742 च्या डिसेंबरात तेथे कार्लचा जन्म झाला, तेव्हा त्या भागावर स्वीडनच्या राजाचा अंमल होता. वडील व्यापारी, घरात अकरा भावंडे आणि कार्ल त्यांतला सातवा. एवढ्या मोठ्या कुटुंबात प्रत्येक मुलाला उच्च शिक्षण देणे वडिलांच्या आवाक्यातले नव्हते. मुलाला लहानपणापासून औषधांची आणि त्यांच्या खुणांची ओढ होती. म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षी, 1757 साली, त्याला समुद्रापलीकडे गोटेनबर्ग येथे बाउख नावाच्या औषधनिर्मात्याकडे उमेदवारीसाठी धाडण्यात आले. घरची भाषा जर्मन आणि पोट भरायचे ते स्वीडिश मुलखात, अशी त्याची स्थिती होती. शेले पुढे आयुष्यभर स्वीडनमध्येच राहिले. मात्र लिहिताना त्यांचा हात मायबोलीकडेच वळे. त्यांचे प्रबंध स्वीडिश वाचकांसाठी भाषांतरित करावे लागत. परमुलखात राहून आपल्या भाषेत विचार करणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

त्या काळचे औषधालय म्हणजे तयार गोळ्यांची बाटल्यांत भरलेली दुकानदारी नव्हे. झाडांची साल, मुळ्या, खनिजे, पारा, सोरा, गंधक अशा नाना वस्तू तेथे येत. त्या कुटणे, उकळणे, गाळणे, ऊर्ध्वपातन करणे, हे सारे दुकानातच चाले. उमेदवार पोरांच्या वाट्याला झाडलोट आणि खलबत्ता येई. कार्लने मात्र या खलबत्त्यातच आपली शाळा शोधली. मालकाच्या कपाटातील रसायनशास्त्राचे जुने ग्रंथ तो रात्री जागून वाची आणि त्यांत सांगितलेला प्रत्येक प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाही. इतक्या अभ्यासाने मुलाची प्रकृती बिघडेल, अशी काळजी बाउख यांनी त्याच्या आईवडिलांना पत्राने कळवली होती. आठ वर्षांच्या या उमेदवारीत एक सवय त्याच्या अंगी कायमची मुरली. छापलेल्या शब्दावर विसंबायचे नाही. पदार्थ हाती घ्यायचा, तापवायचा, विरघळवायचा आणि तो काय सांगतो ते ऐकायचे.

1765 साली बाउख यांनी औषधालय विकले आणि शेले मालमो येथे नोकरीस लागले. मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारातून ते पदरमोड करून पुस्तके घेत. शेजारच्या लुंड विद्यापीठातील रेट्सियस या तरुण अभ्यासकाशी त्यांची मैत्री याच काळात जडली. 1768 मध्ये ते स्टॉकहोमला गेले. तेथे द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत साचणाऱ्या आंबट खरीपासून टार्टारिक आम्ल वेगळे करण्याची रीत त्यांनी बसवली. आपल्या चिंचेचा आंबटपणा ज्या आम्लामुळे असतो, तेच हे आम्ल. ही रीत जगापुढे आली ती रेट्सियस यांच्या प्रबंधातून. शेले यांच्या कष्टांचे फळ दुसऱ्याच्या लेखणीतून प्रकट होण्याचा हा पहिला प्रसंग. तो शेवटचा मात्र ठरणार नव्हता.

1770 साली ते उप्साला या विद्यापीठनगरीत आले. तेही अर्थात औषधालयातील नोकर म्हणूनच. तेथे योहान गान या खनिजतज्ज्ञाशी आणि त्याच्यामार्फत विद्यापीठाचे प्राध्यापक टॉर्बर्न बेर्गमान यांच्याशी त्यांचा परिचय झाला. युरोपभर कीर्ती असलेला प्राध्यापक आणि दुकानात पुड्या बांधणारा सहायक यांच्यात पद आणि शिक्षण यांचे मोठे अंतर होते. बेर्गमान यांनी ते अंतर मधे येऊ दिले नाही. पुढे दोघांचे नाते असे झाले की, कोण कोणाचा गुरू हे सांगणे अवघड व्हावे. बेर्गमान शेले यांना नवे प्रश्न देत आणि शेले यांच्या प्रयोगांतून बेर्गमान यांना नवी रसायने पाहायला मिळत.

उप्सालाच्या या काळातच शेले यांच्या हातून त्यांचे सर्वांत मोठे काम झाले. जळणे म्हणजे काय, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. हवेतील कोणता भाग ज्योतीला पोसतो, हे शोधण्यासाठी त्यांनी सोरा, पाऱ्याची भस्मे आणि काळे मँगनीज खनिज निरनिराळ्या प्रकारे तापवून पाहिले. निघणारा वायू धरण्यासाठी महागडी उपकरणे नव्हती. बैलाच्या मूत्राशयाच्या पिशव्या बकपात्राच्या तोंडाला बांधून त्यांत ते वायू गोळा करीत. अशाच एका पिशवीतील वायूत मेणबत्ती डोळे दिपवील अशी पेटली. शेले यांनी त्याला अग्निवायू असे नाव दिले. आज तो प्राणवायू या नावाने सर्वांना ठाऊक आहे. हे प्रयोग 1771-72 च्या सुमारास झाले, असे त्यांच्या टिपणांवरून दिसते.

पण संशोधन करणे वेगळे आणि ते वेळेवर छापून येणे वेगळे. 1774 च्या सप्टेंबरात त्यांनी पॅरिसच्या लाव्हाझिए यांना पत्र लिहून हा वायू मिळविण्याचा एक मार्ग सुचवला. उत्तर आले नाही. ग्रंथाचे हस्तलिखित 1775 च्या अखेरीस मुद्रकाकडे गेले. छापखान्याची दिरंगाई आणि बेर्गमान यांच्या प्रस्तावनेची प्रतीक्षा यांत दिवस गेले आणि ग्रंथ बाहेर पडला तो 1777 साली. तोपर्यंत इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी 1774 च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्रपणे तोच वायू मिळवून 1775 मध्ये तो प्रसिद्धही केला होता. लाव्हाझिए यांनी पुढे त्याला ऑक्सिजन हे नाव दिले आणि ज्वलनाची खरी उपपत्ती मांडली. शेले मात्र शेवटपर्यंत फ्लॉजिस्टन या जुन्या, चुकीच्या कल्पनेला धरून राहिले. त्यांचे डोळे अचूक होते, हात अचूक होते. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावताना मात्र काळाची मर्यादा त्यांनाही ओलांडता आली नाही. थोर माणसाच्या चरित्रात ही बाजूही सांगितली पाहिजे.

1774 सालच्या एकाच प्रबंधात काळ्या मँगनीज खनिजाचा अभ्यास करताना त्यांनी क्लोरीन वायू मिळवला, फुलांचे आणि पानांचे रंग तो उडवून टाकतो हे नोंदवले, आणि मँगनीज व बेरियम या दोन धातूंच्या शोधाची वाट मोकळी केली. मित्र गान यांनी त्याच वर्षी मँगनीज धातू वेगळा केला. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, हे पुढे 1810 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ठरवले. मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांच्या बाबतीतही तेच घडले. पहिली पावले शेले यांची आणि शिखरावरचे नाव दुसऱ्याचे. याबद्दल त्यांनी कोणाशी भांडण मांडल्याचे दिसत नाही. 1775 च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या राजेशाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. औषधालयातील एक साधा सहायक त्या विद्वत्सभेत बसण्यास पात्र ठरला, ही त्या संस्थेच्या इतिहासातील असामान्य घटना होती. आयुष्यात ते तिच्या बैठकीस गेले ते एकदाच.

त्याच 1775 साली कोपिंग गावचे औषधनिर्माते पोल निवर्तले. मागे तरुण विधवा सारा मार्गारेटा, लहान मूल आणि कर्जात बुडालेले औषधालय राहिले. शेले तेथे व्यवस्थापक म्हणून गेले. स्वतःचे औषधालय असावे, तेथे सवडीने प्रयोग करावेत, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. मध्यंतरी औषधालय घेण्यास दुसराच एक ग्राहक पुढे आला. तेव्हा शेले यांनाच ठेवावे, असा आग्रह गावकऱ्यांनी धरला. अखेर औषधालय शेले यांच्याकडे आले आणि त्याबरोबर पोल यांच्या कर्जाचा भारही आला. तो त्यांनी वर्षानुवर्षे नेमाने फेडला. या काळात मोठ्या पदांची बोलावणी आली; बर्लिनहूनही आले. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. दिवसा गिऱ्हाइकांना औषधे द्यायची आणि उरलेल्या वेळी भट्टीपुढे बसायचे, हा त्यांचा क्रम कोपिंगमध्ये जवळजवळ अकरा वर्षे चालला.

या अकरा वर्षांत त्यांनी जणू निसर्गाच्या स्वयंपाकघराची झडती घेतली. आंबट पदार्थ आंबट का लागतो आणि प्रत्येकाचा आंबटपणा एकच की निराळा, हा प्रश्न त्यांनी वस्तूगणिक सोडवला. 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल निघाले. आपल्या दह्याताकाचा आंबटपणा तो हाच. चुक्याच्या कुळातील वनस्पतींत जे आम्ल असते, तेच साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करूनही मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. सफरचंदांतून मॅलिक आम्ल मिळाले, मायफळांतून गॅलिक आम्ल मिळाले. ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर उकळताना एक गोड, दाट द्रव हाती लागला, तो ग्लिसरीन. तयार झालेला सिरका बाटल्यांत भरून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्यास तो दीर्घकाळ नासत नाही, ही उपयुक्त गोष्टही त्यांनी 1782 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी, 1776 मध्ये, मूत्राशयातील खड्यांची परीक्षा करून त्यांत त्यांनी युरिक आम्ल शोधून काढले होते. या शोधाचा धागा पुढे लिंबाच्या गोष्टीशीच जुळणार होता.

लिंबाने त्यांना बरेच झुंजवले. लिंबाचा रस आटवला की स्फटिक पडतील, अशी साधी अपेक्षा; पण रसात आम्लाबरोबर साखर, चिकट द्रव्ये आणि इतर कितीतरी पदार्थ असतात. रस आटत जाऊन तपकिरी, चिकट काकवीसारखा होई आणि स्फटिक काही धरेना. तेव्हा शेले यांनी वाट बदलली. आम्ल सरळ हाती येत नसेल, तर आधी त्याला दुसऱ्या कशात तरी बांधावे आणि मग सोडवावे, असा तो विचार होता. टार्टारिक आम्लाच्या वेळी ही युक्ती त्यांच्या कामी आलीच होती.

त्यांनी रस तापवला आणि त्यात खडूची पूड थोडीथोडी घालण्यास सुरुवात केली. रस फसफसला. फसफसणे थांबले तेव्हा तळाशी पांढरा साका बसला होता. खडूतील कॅल्शियमने आम्लाला धरले होते आणि पाण्यात न विरघळणारे कॅल्शियम सायट्रेट तयार झाले होते. वरचा गढूळ द्रव ओतून दिला की साखर आणि चिकट मळ त्याच्याबरोबर निघून जाई. साका पाण्याने स्वच्छ धुतला की राहिले ते केवळ लवण. आता त्यावर मोजून विरळ गंधकाम्ल घातले. गंधकाम्लाची कॅल्शियमवर ओढ अधिक. त्याने कॅल्शियम आपल्याकडे घेतले आणि जिप्समच्या रूपाने ते तळाशी बसले. मोकळे झालेले सायट्रिक आम्ल पाण्यात उरले. ते गाळून, आटवून थंड होऊ दिले, तेव्हा स्वच्छ, पारदर्शक स्फटिक पडले. काम झाले होते. वर्गातल्या फळ्यावर लिहिण्याचे खडू कधी नैसर्गिक खडूचे, तर कधी जिप्समचे असतात. शेले यांच्या कृतीत एक आत गेला आणि दुसरा बाहेर आला. मधल्या मधे लिंबाचे सत्त्व हाती लागले.

ही कृती त्यांनी हातची राखून ठेवली नाही. 1784 मध्ये अकादमीच्या प्रकाशनात ती सर्वांसाठी छापली गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सायट्रिक आम्लाचे कारखाने निघाले, तेव्हा इटलीतील लिंबांचा माल त्यांच्याकडे येऊ लागला तो पुष्कळदा कॅल्शियम सायट्रेटच्या रूपातच. 1917 मध्ये अमेरिकेतील जेम्स करी यांनी साखरेच्या पाण्यावर वाढणारी काळी बुरशी सायट्रिक आम्ल भरपूर तयार करते, हे दाखवून दिले आणि लिंबांची गरज संपली. बुरशीने केलेले आम्ल त्या पाण्यातून वेगळे काढण्याची जुनी, रुळलेली रीत मात्र चुना आणि गंधकाम्ल यांचीच; म्हणजे मुळात शेले यांचीच.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. लिंबा-संत्र्यांनी खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा होतो, हे जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये प्रयोगाने दाखवले होते. साहजिकच लिंबाचे सत्त्व म्हणून सायट्रिक आम्लाचे स्फटिक जहाजांवर देऊन पाहण्यात आले. पण त्यांनी रोग हटला नाही. स्कर्व्ही बरा करणारे क जीवनसत्त्व हा निराळाच पदार्थ आहे, हे उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. सायट्रिक आम्लाचा आणि त्याच्या लवणांचा मोठेपणा दुसऱ्याच गुणात होता. तो गुण म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवण्याची शक्ती. शेले यांनी याच आकर्षणाचा आधार घेऊन लिंबाचे आम्ल पकडले होते.

रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम आवश्यक असते. विसाव्या शतकाच्या आरंभी रक्त द्यायचे तर दाता आणि रुग्ण यांना शेजारी-शेजारी निजवून एकाची रोहिणी दुसऱ्याच्या नीलेला जोडावी लागे, कारण बाहेर काढलेले रक्त काही मिनिटांत गोठे. 1914 मध्ये ब्रसेल्समध्ये आल्बेर उस्तँ आणि ब्यूनस आयर्समध्ये लुईस आगोते यांनी रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून ते रुग्णांना दिले. सायट्रेटने रक्तातील कॅल्शियम अडवून धरले आणि रक्त पातळच राहिले. 1915 मध्ये न्यूयॉर्कचे रिचर्ड लेविसोन यांनी शेकडा 0.2 हे सुरक्षित प्रमाण निश्चित केले. रुग्णाच्या शरीरात गेलेले सायट्रेट लवकरच खर्ची पडते, त्यामुळे योग्य प्रमाणात ते बाधत नाही. 1917 मध्ये फ्रान्समधील रणभूमीवर ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी सायट्रेट आणि ग्लुकोज घातलेले रक्त साठवून जखमींना दिले. दाता एका ठिकाणी, रुग्ण दुसऱ्या ठिकाणी आणि मधे काही दिवसांचे अंतर, हे त्यामुळे शक्य झाले. आजही रक्तपेढीतील पिशवीत दात्याचे रक्त येण्याआधी सायट्रेटचे द्रावण तयार असते.

मूतखड्यांची गोष्टही याच धाग्याने विणलेली आहे. पोटॅशियम सायट्रेट घेतल्याने मूत्रातील सायट्रेट वाढते आणि ते कॅल्शियमला धरून खडा जमण्यास अडथळा करते. शिवाय मूत्राची आम्लता कमी झाल्याने युरिक आम्लाचे खडे विरघळण्यास मदत होते. ज्या शेले यांनी खड्यांतील युरिक आम्ल ओळखले, त्यांनीच त्यावरच्या औषधाचे मूळ आम्लही शुद्ध रूपात हाती दिले. मात्र या दोहोंची गाठ त्यांच्या हयातीत पडली नाही. खाद्यपदार्थांतही हाच गुण उपयोगी पडतो. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधील गेर्बर आणि श्टेटलर यांनी चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट घातले. ते दुधाच्या प्रथिनांतील कॅल्शियम काढून घेते, त्यामुळे चीज फुटून तूप वेगळे होत नाही आणि एकजीव, मऊ वडी तयार होते. जॅम, जेली, सरबते यांचा आंबटपणा बेताचा राखण्यासाठीही ही लवणे घालतात. वेष्टनावरील 330 हा क्रमांक सायट्रिक आम्लाचा, 331 सोडियम सायट्रेटचा, 332 पोटॅशियम सायट्रेटचा आणि 333 कॅल्शियम सायट्रेटचा.

भारताच्या दृष्टीने सर्वांत जवळचा उपयोग जलसंजीवनीचा. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. मात्र खायचा सोडा घातलेल्या पुड्या उष्ण, दमट हवेत फार काळ टिकत नसत. 1984 पासून त्याची जागा ट्रायसोडियम सायट्रेटला देण्यात आली. पुडीचे आयुष्य वाढले, आणि जुलाबांमुळे रक्तात वाढणारी आम्लता कमी करण्याचे कामही तितकेच चांगले होऊ लागले. आज 1 लिटर पाण्यासाठीच्या प्रमाणित पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. कोपिंगच्या भट्टीवर स्फटिक पडले त्याला तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झाली होती.

एवढे देणाऱ्या माणसाने स्वतःच्या जिवाची मात्र पर्वा केली नाही. नव्या पदार्थाची चव घेऊन पाहणे ही त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांची रीत होती आणि शेले यांनी ती हायड्रोसायनिक आम्लासारख्या जहाल विषाच्या बाबतीतही सोडली नाही. पारा, शिसे, सोमल यांच्या वाफांत आणि भुकटीत, नीट हवा न खेळणाऱ्या जागेत, उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत त्यांची वर्षे गेली. त्यांनी सोमल आणि तांबे यांपासून बनवलेला एक सुंदर हिरवा रंग पुढे भिंतींच्या कागदांवर चढला आणि अनेक घरांत त्याने विषबाधा पसरवली. ज्ञान दुधारी असते, हे त्यांच्याच कामावरून दिसते. 1785 पासून त्यांची प्रकृती ढासळू लागली. सांधे धरले, मूत्रपिंडाचा विकार जडला, कातडीवर व्याधी उमटली. तरी जमेल तसे काम चालूच होते.

पोल यांच्या विधवेशी विवाह करण्याचे त्यांनी मनाशी ठरवले होते. पण औषधालयाची घडी नीट बसेपर्यंत तो पुढे ढकलला जात राहिला. 1786 च्या मे महिन्यात, अंथरुणाला खिळलेले असताना, मृत्यूच्या दोन-तीन दिवस आधी त्यांनी सारा मार्गारेटा यांच्याशी विवाह केला. आपल्यामागे औषधालय आणि जे काही असेल ते निर्वेधपणे तिला मिळावे, हा त्यामागचा हेतू. अकरा वर्षांपूर्वी कर्जासह अंगावर घेतलेले घर त्यांनी कर्जमुक्त करून ज्याचे त्याला परत केले. 21 मे 1786 रोजी त्यांचे निधन झाले.

स्टॉकहोममध्ये त्यांचा पुतळा उभा आहे आणि टंगस्टनचे एक खनिज शीलाइट या नावाने त्यांची आठवण वागवते. प्राणवायूच्या शोधाचे श्रेय आता प्रीस्टली यांच्याबरोबर त्यांनाही दिले जाते. पण त्यांना शोधायचे तर दूर जाण्याची गरज नाही. प्रत्येक शाळेत लिंबू, खडू, पाणी आणि एखादा जिज्ञासू विद्यार्थी असतोच. कापलेल्या लिंबाच्या रसात खडूचा तुकडा टाकला की तो फसफसतो, हे अनेकांनी पाहिलेले असते. शेले यांनी ते पाहिले आणि तेथेच न थांबता त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाच्या उत्तराने दोन शतकांनंतर किती बाळांचे प्राण वाचवले, याची मोजदाद कोणालाही करता येणार नाही.